उजव्या गालातलं हसू

तीस वर्षं हा माणूस लोकांना एकच गोष्ट सांगत आला: हसू नका.

चौकाच्या कोपऱ्यावर, चष्म्याचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध त्याचा फोटो स्टुडिओ. स्टुडिओ म्हणायचं आपलं. एक लांबट खोली, मागे पांढरा पडदा, खाली-वर होणारं एक स्टूल, छत्री लावलेले दोन दिवे आणि गिऱ्हाइकाने केस नीट करावेत म्हणून भिंतीवर आरसा. आरशाला कंगवा दोरीने बांधलेला, कारण आधीचे सहा कंगवे गिऱ्हाइकांच्या खिशातून त्यांच्या घरी गेले होते. पासपोर्ट, लायसन, नोकरीचा अर्ज, परीक्षेचं ओळखपत्र, जो येईल तो चौकोनी फोटोसाठीच येणार. सगळी गल्ली त्याला फोटोकाका म्हणायची. म्हातारी माणसंसुद्धा काकाच म्हणायची आणि त्याला ते चालायचं.

सरकारी फोटोत हसायचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हसू नका म्हटलं की माणूस असा काही चेहरा करतो, की जणू त्याच्यावर वॉरंट निघालंय. फोटोकाकाची खुबी इथेच होती. तो "हसू नका" हे शब्द इतक्या मिश्कील तोंडाने म्हणायचा, भुवया उडवून, दोन्ही गाल फुगवून, की समोरचा फस्सकन हसायचाच. काका गप्प उभा राहायचा. हसू ओसरायचं, ओठ मिटायचे, डोळ्यांत मात्र थोडी धुगधुगी उरायची, आणि नेमक्या त्या क्षणी खट्. हसून झाल्यावरचा चेहरा हा माणसाचा सगळ्यात चांगला चेहरा, असं त्याचं मत होतं. त्याचे फोटो कधी कुठल्या कचेरीतून परत आले नाहीत, आणि लोक ते कार्ड उगाच चार जणांना दाखवत सुटायचे.

मग उजव्या कानापुढे एक गाठ आली. आधी वाटाण्याएवढी, पुढे लिंबाएवढी. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, जिवावरचं गालावर निभावलं. पण चेहरा हलवणारी नस त्या गाठीत अशी गुरफटली होती, की गाठीबरोबर तीही गेली. उजवी भुवई उतरली, गाल लोंबला, ओठाचा कोपरा खाली आला. चहा प्यायला की निम्मा रुमालाला. डोळ्यात दिवसातून सहा वेळा थेंब. आणि हसायला गेला की डावी बाजू हसायची आणि उजवी बाजू, आपला काही संबंध नाही अशी, लांब उभी राहायची.

चार वर्षं त्याने अशी काढली. कामावर तो जायचा, कारण न जाऊन खाणार काय? पण "हसू नका" म्हटल्यावर आता खरंच कुणी हसेना. उलट लोक दचकायचे आणि फोटोत ते दचकणंच यायचं. एकदा आईच्या मांडीवरचं एक पोर त्याच्याकडे बघून असं किंचाळलं, की ती बाई ओशाळून निघून गेली आणि दोन गल्ल्या पलीकडे फोटो काढून आली. त्या दिवसापासून काका बोलताना तोंडावर हात धरायला लागला. घरी तर त्याहून वाईट झालं. त्याची बायको आणि दुसऱ्या गावातली मोठी बहीण, दोघी मुलखाच्या बोलघेवड्या. ताईचा दर रविवारी फोन यायचा आणि तिच्या नवऱ्याच्या फजित्या ऐकून हा पोट धरायचा. आता तो हसताना तोंड झाकतो, मान फिरवतो, हे बायकोने पाहिलं. तिने ताईला सांगितलं. दोघींनी मिळून, त्याला न विचारता, त्याची दया येऊन, गमती सांगणं बंद केलं. ताई आता फक्त विचारायची, "औषध घेतलंस का?" घरात कुणी भांडत नव्हतं, काही कमी नव्हतं. पण हसण्याचा आवाज त्या घरातून उठून गेला होता, आणि तो आपल्यामुळे गेला, हे त्याला जेवताना, झोपताना, सारखं टोचत राहायचं.

शेवटी त्याला हव्या होत्या त्या दोनच गोष्टी, गिऱ्हाइकाचं हसू आणि घरातलं हसू, आणि दोन्ही एकच होत्या. पुन्हा हसायचं होतं, अख्ख्या तोंडाने.

प्लास्टिक सर्जरी म्हणजे सिनेमातल्या लोकांनी नाक सरळ करून घ्यायचं, एवढंच त्याला माहीत. तसली कामं तर तो रोज स्वतः करायचा. कॉम्प्युटरवर माऊसच्या दोन टिचक्या मारल्या की चामखीळ गायब, तीन मारल्या की दुसरी हनुवटी गायब. त्यामुळे मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनबाईंसमोर बसला तेव्हा जरा व्यवसायबंधू असल्यासारखाच बसला. सर्जनबाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी त्याचा गाल दाबून पाहिला, दात चावायला लावले, मांडी चाचपली.

"तुमच्या गालातले स्नायू वाळून गेलेत. नुसती नस जोडून भागणार नाही," त्या म्हणाल्या. "मांडीच्या आतल्या बाजूचा एक स्नायू काढायचा. तो गेला तरी चालण्या-फिरण्याला काही होत नाही. तो गालात बसवायचा, त्याच्या रक्तवाहिन्या इथल्या रक्तवाहिन्यांना जोडायच्या आणि दात चावायची जी नस आहे तिची एक फांदी त्याला द्यायची. म्हणजे दाढा दाबल्या की तुम्ही हसणार."

"दाढा दाबल्या की?"

"सुरुवातीला तसंच. पुढे सरावाने मेंदू शिकतो. काहींना दाढा न दाबता, आपोआप हसू येतं. सगळ्यांना नाही येत. ते मी तुम्हाला लिहून देणार नाही."

"आणि बिघडलं तर?"

"बिघडू शकतं. सात-आठ तासांचं काम आहे. रक्तवाहिनी काडीएवढी बारीक असते, तिच्यात गुठळी झाली तर आम्ही लगेच पुन्हा उघडतो. तरी नाही जमलं तर स्नायू मरतो आणि काढून टाकावा लागतो. कधी जगतो, पण हलतच नाही. कधी गाल जाड दिसतो. तुम्ही फोटो दुरुस्त करता ना? तुमच्याकडे चुकलं की मागे जायची सोय आहे. माझ्याकडे नाही."

काकाचा व्यवसायबंधूपणा तिथेच गळून पडला. पण बाई त्याला आवडल्या. खोटं बोलणारा माणूस आधी 'काळजी करू नका' म्हणतो, आणि त्या तसं एकदाही म्हणाल्या नव्हत्या.

बाहेर बाकावर एक तरुण मुलगी बसली होती, हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करणारी. नाकावर पट्टी. तिसऱ्यांदा नाक करून घेत होती आणि ती तिसरी वेळ आधीच्या दोन वेळा निस्तरण्यासाठी होती. आधी एका स्वस्तातल्या ब्युटी क्लिनिकमध्ये गेली होती, तिथे करणारा डॉक्टर होता की नव्हता तेही तिला आता धड सांगता येईना. श्वास घेताना शिट्टी वाजायची. तिने मोबाइलवर तिथे नेलेला फोटो दाखवला. "अस्संच पाहिजे म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली. काकाने फोटो जवळ घेऊन पाहिला. नाक कॉम्प्युटरवर बारीक केलेलं होतं. नाकाच्या कडेने भिंतीची रेघ जराशी वाकली होती, ती बाकी कुणाला दिसली नसती, त्याला दिसली. असली नाकं त्यानेही शेकड्याने करून दिली होती, आणि ते फोटो घेऊन कुणी कुठे गेलं असेल याचा विचार कधी मनाला शिवला नव्हता. "आता या बाईंकडे आहेस, आता नीट होईल," एवढंच तो म्हणाला. पुढे दोन महिन्यांनी ती त्याला तपासणीच्या वेळी भेटली तेव्हा शिट्टी थांबली होती. नाक जरा जाडच होतं आणि ती त्यावर खूश होती.

घरी बातमी सांगितल्यावर ताईने फोनवरून तोफ डागली. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागतोस, ठोंब्या. मांडीचं मांस तोंडात! आणि प्लास्टिक म्हणतात ते उन्हात वितळलं म्हणजे?"

"अगं ताई, त्यात प्लास्टिक नसतं."

"मग नाव कशाला दिलंय?"

तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "मला तुम्ही आहात तसे चालता. हे एकदा सांगून ठेवते. पण तुम्हाला तुम्ही चालत नसाल तर जा. मी हॉस्पिटलात राहीन." चार वर्षांत तिने त्याच्या चेहऱ्याबद्दल काढलेला हा पहिला शब्द होता.

ऑपरेशनला नऊ तास लागले. पुढचे चार दिवस नर्स तासातासाला यायची आणि पेनासारखं एक यंत्र गालाला टेकवायची. त्यातून सूं-सूं असा आवाज आला की रक्त वाहतंय, स्नायू जिवंत आहे. बायको तो आवाज कान देऊन ऐकायची. दुसऱ्या दुपारी यंत्र टेकवलं आणि काहीच वाजलं नाही. नर्सने जागा बदलली, तरी नाही. नर्सने यंत्र झटकलं, त्यातला सेल बदलला, आणि सूं-सूं सुरू झालं. "गाल चालूच होता, यंत्रच झोपलं होतं," नर्स म्हणाली. बायको हसली आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडून आली.

टाके निघाले, सूज उतरली, गाल वर उचलला गेला. तेवढ्यानेही चेहरा बराच माणसात आला, चहा पोटात जायला लागला. पण हालचाल? सर्जनबाईंनी सांगितलं होतं, तीन-चार महिने थांबा, काहींना सहाही लागतात. रोज दाढा दाबायचा सराव करा आणि बघत राहा.

आता बघत राहा म्हटल्यावर साध्या माणसाने आरशात बघितलं असतं. पण फोटोग्राफरचा आरशावर कधीच विश्वास नसतो, आरसा डाव्याचं उजवं करतो. काकाने रोज स्टुडिओ उघडल्या उघडल्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून स्वतःचा फोटो काढायला सुरुवात केली. तोच दिवा, तेच अंतर, तीच वेळ. कॅमेऱ्याला दहा सेकंदांचा वेळ लावायचा, धावत जाऊन स्टुलावर बसायचं, दाढा दाबायच्या, खट्. कॉम्प्युटरवर 'गाल' नावाचा फोल्डर, त्यात तारखेवार फोटो. एकशे एक्केचाळीस फोटो झाले. पहिला आणि एकशे एक्केचाळिसावा शेजारी शेजारी लावले तर फरक फक्त शर्टाचा.

पाचवा महिना उतरणीला लागला आणि त्याचा धीर सुटला. स्नायू जगला पण हलला नाही, बाईंनी सांगितलं होतं त्यातलाच प्रकार आपल्या वाट्याला आला, हे त्याने मनाशी पक्कं केलं. घरी तो टेबलाशी उजवी बाजू भिंतीकडे करून जेवायचा, ती चार वर्षांची सवय. त्यामुळे बायकोला डावा गाल तेवढा दिसायचा. तिने विचारलं की तो म्हणायचा, "बघू." पुढच्या तपासणीला फोल्डर घेऊन जायचं आणि बाईंना सांगून मोकळं व्हायचं, असं त्याने ठरवलं.

त्याच आठवड्यात, ऐन दुपारी, तो डबा उघडून बसला होता. पोळीचा घास आणि वर गाजराचा तुकडा तोंडात. तेवढ्यात दार ढकलून एक उंच, टक्कल असलेला माणूस आत आला. अंगावर बसच्या तिकीट तपासनिसाचा गणवेश.

"लायसनला फोटो पाहिजे. पंधरा मिनिटांत माझी गाडी आहे."

काकाने भरल्या तोंडानेच स्टुलाकडे हात केला. तपासनीस बसला. काका कॅमेऱ्याशेजारी उभा राहून गाजर संपवायच्या मागे लागला. गाजर जून होतं.

तपासनिसाचा चेहरा हळूहळू लाल झाला. "हसताय कशाला?"

"कोण, मी?" काकाने घास गालात सरकवला. "नाही हो."

"नाही काय! वीस वर्षं लोकांचे चेहरे बघतोय मी. विनातिकीट माणूस मला चार सीटवरून कळतो. गालातल्या गालात हसताय तुम्ही. टकलाला हसताय."

"अहो, मला हसता येत नाही," काका म्हणाला. "येत असतं तर..." आणि तो थबकला. "कुठल्या गालात?"

"काय?"

"कुठल्या गालात हसतोय मी?"

"या. उजव्या."

"तुमच्या उजव्या की माझ्या?"

तपासनीस उठून उभा राहिला. समोरचा माणूस एक तर वेडा आहे किंवा चोर, अशी त्याची खात्री झाली होती. पण वीस वर्षांची सवय, पुरावा सोडवेना. त्याने पुढे होऊन काकाच्या ऑपरेशनच्या गालावर बोट रोखलं. "हा. या गालात."

"थांबा. जाऊ नका. हात जोडतो." काकाने डब्यातून गाजराचा दुसरा तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि चावला.

"हे बघा, हसलात!" तपासनीस ओरडला. "परत हसलात! आणि वर नाही म्हणता!"

काकाने डोळे पुसले. डाव्या डोळ्यातून जास्त पाणी येत होतं. मग त्याने त्या माणसाला सगळं सांगितलं, गाठ, नस, मांडी, एकशे एक्केचाळीस फोटो. तपासनिसाने सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाला, "मग आणखी एकदा चावा. ओठाचा कोपरा किती वर जातो ते बघू." तो अर्धं बोट वर जात होता. गाडी चुकली. फोटो मात्र असा झाला, की तपासनिसाच्या बायकोने त्याची मोठी प्रत मागवली.

सर्जनबाईंनी फोल्डर पाहिला आणि कपाळाला हात लावला. "फोटोच्या कितीतरी आधी दाढा दाबता, श्वास कोंडता, आणि कॅमेऱ्यासमोर बसलं की हलायचं नाही ही तुमची तीस वर्षांची शिकवण. फोटो निघेपर्यंत सगळं सैल पडत असणार. अहो, हा स्नायू चावण्यावर चालतो. तुम्ही चावता कधी? जेवताना. जेवताना कुणी बघितलं का?"

कुणी बघितलं नव्हतं. बायको हे ऐकून इतकी चिडली, की घरी गेल्या गेल्या तिने टेबलच फिरवलं.

मग सराव सुरू झाला, आता आरशासमोर. महिन्या-दोन महिन्यांत दाढा दाबल्या की दोन्ही गाल सारखे वर जायला लागले. त्याची वेगळीच पंचाईत झाली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचे वडील गेले, तिथे कुणीतरी हातात बिस्कीट दिलं आणि काकाने ते चावलं. झेरॉक्सवाला चार दिवस बोलला नाही. तेव्हापासून दुखवट्याच्या घरी तो फक्त चहा घ्यायचा. पण स्टुडिओत "हसू नका" पुन्हा चालायला लागलं. आधी दाढा दाबायच्या, मग बोलायचं, त्यामुळे शब्द दातांतून यायचे आणि लोक त्यालाच जास्त हसायचे. धंदा सुधारला, लहान मुलं रडायची थांबली. काका समाधानी होता. खरोखर होता. फक्त हे हसू त्याला बटण दाबून दिवा लावल्यासारखं वाटायचं. आधी आठवायचं, मग दाबायचं, मग हसायचं. तोवर विनोद पुढच्या स्टॉपला गेलेला असायचा. आपोआप येणारं हसू सगळ्यांना येत नाही, बाईंनी सांगितलंच होतं, आणि मिळालं त्यापेक्षा जास्त मागणं बरं दिसत नाही, असं तो स्वतःला समजवायचा. बायको त्याच्या जबड्याकडे बघून ओळखायची, आता दाबतोय, आता हसेल. ती वाट बघायची.

ऑपरेशनला वर्ष उलटून गेल्यावरच्या एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला. औषधाचं विचारून झालं. मग ती थांबली. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि सांगावं की नाही ते कळत नव्हतं.

"काय गं?"

"काही नाही. तुझ्या भाऊजींनी काल कमाल केली."

"सांग की."

"नको, राहू दे."

"ताई, सांग. पाच वर्षं झाली, मी भाऊजींचं काही ऐकलेलं नाही."

मग तिला राहवेना. "अरे, तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी मागून येते. हे चष्मा विसरले आणि दुसऱ्या मजल्यावर शिरले. तिथे मुलीचं लग्न ठरलंय, घर पाहुण्यांनी भरलेलं. हे जाऊन मुलीच्या बापाशेजारी बसले, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, झालं ते झालं. आपल्या हातात काय असतं? धीर धरा, यातूनही दिवस निघतात."

"मग?"

"मग काय! तो बाप म्हणाला, हो ना, खर्च पण फार झाला. हे म्हणाले, त्रास काढण्यापेक्षा सुटले म्हणा. अर्धा तास बसले रे! नवऱ्या मुलाची आई समोरच बसलेली!"

काका हसायला लागला. "आणि, आणि उठताना काय म्हणाले?" त्याने विचारलं, हसत, श्वास लागेपर्यंत.

"म्हणाले, तेराव्याला येतोच."

काकाला हुंदक्यासारखं हसू फुटलं, "अरे देवा, अरे देवा," म्हणत तो भिंतीला टेकला. मान वर केली तेव्हा बायको दारात उभी होती. हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग. त्यातला एक टॉवेल खाली पडला होता आणि तिने उचलला नव्हता.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"तुम्ही दाढा दाबल्या होत्या?"

"बोलताना दाढा कशा दाबणार? मी तर..."

तो थांबला. हात आपोआप उजव्या गालाकडे गेला. गाल अजून वर होता. तोंड उघडं होतं, दात एकमेकांपासून चांगले लांब होते, आणि गाल वर होता.

"अरे, गेलास कुठे?" फोनमधून ताई ओरडत होती. "ठोंब्या! बरा आहेस ना? म्हणून सांगत नव्हते मी!"

बायकोने कपडे खुर्चीवर टाकले, जेवणाच्या टेबलाचं स्टूल ओढलं आणि त्याच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती, कारण पुसायला गेलं तर बघायचं राहिलं असतं.

"ताई," काका म्हणाला, "आता सांगितलंस ते पुन्हा एकदा सांग."

"का? ऐकू नाही आलं?"

"आलं. तरी सांग. पहिल्यापासून सांग. आम्ही दोघं बसलोय."